खोटं कोण बोलतंय?

सदर : डोक्यातलं विचारा

चौतीस वर्षं मी मेडिकलच्या मुलांना ॲनाटॉमी शिकवली. निवृत्तीनंतर साड्यांमधला फॉर्मॅलिनचा वास हळूहळू गेला, पण कुणी काही विचारलं की सविस्तर सांगत सुटायची खोड गेली नाही. म्हणून हे सदर. या खेपेच्या पत्रांत एक गंमत आहे. जवळजवळ प्रत्येकाला कुणाचा तरी संशय आहे. कुणाला सासऱ्यांचा, कुणाला क्लासवाल्यांचा, एका पोरीला शाळेच्या पुस्तकाचा, आणि एका गृहस्थांना चक्क डॉक्टरांचा. सगळी पत्रं दोनदा वाचली. माझ्या मते यात खोटं बोलणारा एकच आहे.

बाई, माझ्या सासऱ्यांना (वय 71) मार्चमध्ये लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, वाचाही गेली. स्कॅनच्या रिपोर्टात मात्र मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी लिहिली आहे. दीर म्हणतात, रिपोर्ट बदलला. शिवाय सासऱ्यांना ‘पाणी’ एवढं म्हणता येत नाही, पण नातवाबरोबर बेचा पाढा घडाघडा म्हणतात. परवा रागात एक शिवीही अगदी स्पष्ट दिली. सासूबाई म्हणतात, ‘सगळं येतंय, नाटकं करतात नुसती.’ खरं काय समजायचं? — एक सून, कराड

रिपोर्ट तुमच्या सासऱ्यांचाच आहे. उजवा हात गेला आणि गुठळी उजवीकडे निघाली असती, तर मीच म्हटलं असतं की पाकिटावरचं नाव पुन्हा बघा.

उजव्या अंगाचा कारभार डाव्या मेंदूकडे आणि डाव्याचा उजव्याकडे असतो. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून डिसेक्शन हॉलमध्ये मी मुलांना सुऱ्या खाली ठेवायला लावायची. मेंदू उलटा करून तळाकडून बघायचा. मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो त्याच्या जरा वर, पुढच्या अंगाला, दोन लांबट उंचवटे शेजारीशेजारी असतात आणि मधे एक बारीक खाच. दोन्ही अंगठ्यांनी ती खाच हलकेच उघडायची. वर ती चांगली खोल असते. खाली येता येता एकदम भरून आल्यासारखी दिसते, कारण तिथे डावीकडच्या तंतूंचे जुडगे उजवीकडे घुसतात आणि उजवीकडचे डावीकडे. एकावर एक, वेणीचे पेड घातल्यासारखे. दर वर्षी एखादी मुलगी ‘अय्या, वेणी!’ म्हणायचीच. शंभरातले ऐंशी-नव्वद तंतू इथे बाजू बदलतात. गुठळी या वेणीच्या वर अडकली, की उलट बाजूचं अंग लुळं पडतं.

एवढीशी गुठळी आणि अख्खं अर्धं अंग कसं गेलं, हेही तुमच्या मनात असेल. मेंदूच्या वरच्या थरात हाताची, पायाची, चेहऱ्याची जागा ऐसपैस पसरलेली असते. तिथून निघालेले तंतू खाली उतरताना मात्र एका अरुंद पट्टीतून जातात, एसटी स्टँडच्या फाटकातून गर्दी निघावी तसे. त्या पट्टीला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अगदी बारीक आहेत. त्यातली एक तुंबली तरी हात, पाय आणि तोंडाचा कोपरा एकदमच जातो.

आता ‘नाटकां’विषयी. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा.

पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षं होता. त्याला तोंडाने एकच शब्द काढता यायचा, ‘तां’. काहीही विचारा, ‘तां तां’. लोक त्याला तांच म्हणायचे. समोरचा काय म्हणतो ते मात्र त्याला बरंच कळायचं. आणि फार संतापला की याच तोंडातून एक धडधडीत शिवी बाहेर पडायची. 1861 च्या एप्रिलमध्ये तो वारला, तेव्हा पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला. डाव्या कानशिलाच्या आत, पुढच्या भागात, मोठा खड्डा पडलेला होता. शब्द जुळवून तोंडाबाहेर काढायची जागा ती हीच. आजही तिला ब्रोकाचंच नाव आहे. तुमच्या सासऱ्यांची गुठळी तिथवर पोचली आहे.

पाढा, आरती, देवाची नावं, शिवी ही बोलणी त्या जागी दर वेळी नव्याने जुळवावी लागत नाहीत. जे पाठ असतं, जे तालात असतं, जे रागात उसळतं, ते वेगळ्या वाटेने येतं आणि त्यात उजव्या बाजूचा नि खोलवरच्या केंद्रांचा मोठा हात असतो. ‘बे दुणे चार’ म्हणताना सासरे शब्द शोधत नाहीत. ‘पाणी’ म्हणताना त्यांना तो शोधावा लागतो, आणि सापडत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, असंच झालं. सकाळी साडेसातला दाढी करताना ब्रश हातातून पडला. वहिनी म्हणाली, रात्री हातावर झोपला असाल. तिने मला फोन केला आणि मी, ॲनाटॉमीची प्राध्यापक, म्हणाले, ‘थोडा वेळ बघा.’ दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही रक्तस्राव नाही ना हे स्कॅनमध्ये बघून. आम्ही ती वेळ स्वयंपाकघरात घालवली. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, हा आकडा मी नंतर वाचला. साडेसात ते दीड हा गुणाकार मी अजून केलेला नाही.

त्या वर्षी गणपतीत आरती सुरू झाली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून दादाचा आवाज आला. अख्खी आरती, एक शब्द न गाळता. वहिनी टाळ्या वाजवायची थांबली. आरती संपली, त्याला प्रसादाची वाटी हवी होती, तर बोट दाखवून ‘ते... ते...’ एवढंच.

तेव्हा नातवाला पाढे चालू ठेवू द्या. स्पीच थेरपिस्ट याच वाटेचा उपयोग करतात. शब्द आधी सुरात म्हणायला लावतात, डाव्या हाताने ठेका धरायला लावतात, मग हळूहळू सूर काढून घेतात. तालुक्याला थेरपिस्ट नसेल तर जिल्ह्याला बघा. आणि घरातल्या सगळ्यांसाठी: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी एकाएकी दिसलं तर गाडी काढायची. तेल चोळत बसायचं नाही, गावठी औषधवाल्याकडे जायचं नाही, मला फोन तर मुळीच करायचा नाही.

मुलगा चौथीत आहे. एका क्लासने ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ करून देतो म्हणून 25 हजार घेतले. दोन शनिवार-रविवारांनंतर मुलगा डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखतो, वाचतो. बायको खूश आहे. मला मात्र काहीतरी खटकतंय. मिडब्रेन खरंच बंद असतो का? — एक वडील, नाशिक

खटकतंय ते बरोबर खटकतंय.

मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, उंचीला जेमतेम दोन सेंटिमीटर. अंगठ्याच्या नखाला साधारण मावेल एवढा. पण तो ‘बंद’ असलेलं मूल क्लासला चालत येऊच शकत नाही. जागं राहण्याची यंत्रणा यातून जाते. डोळे हलवणाऱ्या नसांची मुळं इथे. अंधारातून उन्हात आल्यावर बाहुली आकसते ती इथूनच. मागे फटाका वाजला की मान आपोआप वळते, त्यातही याचा हात. तुमच्या मुलाने जन्मल्याबरोबर नर्सच्या टॉर्चकडे बघून डोळे मिचकावले, तेव्हाच त्याचा मध्यमेंदू ‘ॲक्टिव्हेट’ होता. फुकटात.

मला हा भाग शिकवायला फार आवडायचा. मोठ्या माणसाचा मध्यमेंदू आडवा कापला, की करड्या-पांढऱ्या चकतीत दोन्हीकडे काजळाची रेघ ओढल्यासारखा काळा पट्टा दिसतो. कुठलाही रंग न घालता. तान्ह्या बाळात हा काळेपणा नसतो, वयाबरोबर चढतो. आणि कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णात ती रेघ फिकट, पुसल्यासारखी असते, कारण त्या काळ्या पेशीच गळून गेलेल्या असतात. हात थरथरण्याचं मूळ नुसत्या डोळ्यांनी दिसावं, असं मेंदूत फार थोड्या ठिकाणी घडतं. ज्या भागाची गोष्ट इतकी खरी आणि सुंदर आहे, त्याच्या नावावर हे लोक पट्ट्या विकतात, याचा मला राग येतो.

वाचायचं असेल तर अक्षरावरून आलेला उजेड डोळ्याच्या पडद्यावर पडायला हवा. तिथून तो निरोप मेंदूच्या पार मागच्या भागात, डोक्याच्या मागे हात लावाल तिथे जातो, आणि अक्षर उमटतं. उजेड आत आलाच नाही तर मागच्याकडे वाचायला काही नसतं.

मग मुलगा वाचतो कसा? नाकाच्या बाजूने. कुठलीही पट्टी बांधा, नाकाचं हाड आणि गाल यांच्यामध्ये एक फट राहते. स्वतः बांधून बघा, खाली धरलेलं पुस्तक बऱ्यापैकी दिसतं. मूल मान जरा वर करतं, कागद छातीजवळ धरतं, पट्टी सारखी चाचपतं. आता पुढचं करा. कागद त्याच्या कपाळाच्या वर धरा. किंवा पोहण्याच्या गॉगलला आतून काळा कागद चिकटवून तो घाला आणि नाकाजवळ कापूस भरा. वाचन तिथेच थांबेल.

मुलाला मात्र रागावू नका. नऊ वर्षांच्या पोराला सगळ्या हॉलसमोर ‘दिसतंय ना बाळा?’ असं विचारल्यावर तो आणखी काय म्हणणार? आईबापांनी पैसे भरलेत हे त्याला ठाऊक असतं. त्याला फसवायला शिकवलं गेलं, आणि तेही शाबासकी देऊन. पैसे परत मागायला जाल तेव्हा त्याला बरोबर नेऊ नका.

मेंदूचा दहाच टक्के वापर होतो हे खरं का? आणि अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून चांगला का? — जळगाव

पहिलं, नाही. वजनाने मेंदू शरीराच्या दोन टक्के आहे आणि शरीराच्या ऊर्जेतला साधारण पाचवा हिस्सा खातो. बसून खाणारे नव्वद टक्के नातेवाईक कुठलंही घर इतकी वर्षं पोसत नाही. दुसरं, अक्रोड खा, चांगला असतो, पण दिसण्यावर जाऊ नका. फ्लॉवरही मेंदूसारखाच दिसतो, त्याची भाजी खाऊन कुणी पहिला आलेला मी पाहिला नाही.

मी नववीत आहे. आमच्या पुस्तकात मेंदूत 100 अब्ज चेतापेशी लिहिल्या आहेत. मी नेटवर वाचलं की 86 अब्ज. सरांना विचारलं तर म्हणाले, पुस्तकातलं लिही. कोण चुकतंय? — एक विद्यार्थिनी, परभणी

परीक्षेत पुस्तकातलं लिही, डोक्यात 86 ठेव. तुझे सर खोटं बोलले नाहीत, त्यांनी तुझा एक मार्क वाचवला. मीसुद्धा कितीतरी वर्षं 100 अब्जच शिकवले. तो एक गोल आकडा होता, एकाने लिहिला म्हणून दुसऱ्याने लिहिलेला.

अडचण अशी होती की मोजायच्या कशा. मेंदूत काही ठिकाणी पेशी खच्चून भरलेल्या आणि काही ठिकाणी विरळ, त्यामुळे एक तुकडा मोजून गुणाकार केला की हिशेब चुकतो. सुझाना हर्क्युलानो-हुझेल या ब्राझीलच्या बाईंनी उपाय काढला तो कुठल्याही गृहिणीला सुचावा असा: वरण घोटतात तसा मेंदूच घोटायचा. म्हणजे साबणासारख्या द्रावणात कुटून पेशींच्या भिंती विरघळवायच्या, पण पेशींमधली केंद्रकं शाबूत ठेवायची. पातेल्यातलं पाणी ढवळून सगळीकडे सारखं झालं, की एक थेंब घ्यायचा, केंद्रकं रंगवायची आणि मोजायची. थेंबात किती हे कळलं की पातेल्यात किती हे कळलंच. 2009 साली चार माणसांच्या मेंदूंचा हा हिशेब छापून आला. सरासरी 86 अब्ज, म्हणजे 8,600 कोटी.

पण खरी मजा पुढेच आहे आणि ती तू विचारलीच नाहीस. यातल्या सुमारे 69 अब्ज पेशी लहान मेंदूत आहेत, ज्याला तुमच्या पुस्तकात अनुमस्तिष्क म्हणतात! सगळा मेंदू सव्वा किलोच्या वर आणि दीड किलोच्या आत, त्यात लहान मेंदू दीडशे ग्रॅमच्या आसपास. मागे खाली बसलेला, दिसायला बिचारा. मोठ्या मेंदूच्या ज्या सुरकुतलेल्या थराचं सगळे कौतुक करतात, त्यात फक्त 16 अब्ज.

एवढी माणसं कामाला लावून लहान मेंदू करतो काय? तुझ्या आजीला भाकरी थापताना बघ. पिठाचा गोळा परातीत, तळवा पडतो, बोटं कडेला उतरतात, दर थापेला भाकरी एवढीशी फिरते. कुठे जाड राहिली ते बोटांना कळतं आणि पुढची थाप तिथे जरा जोरात पडते. आजीचं लक्ष मात्र टीव्हीवर. थाप किती जोराची, कधी, कुठल्या बोटाने, नंतर कुठली, आणि चुकली तर पुढच्या खेपेला किती कमी, हा हिशेब लहान मेंदूचा. तू थापायला बस म्हणजे कळेल, तुझ्या भाकरीचा नकाशा होईल. महिनाभर रोज थाप, हिशेब बसेल. दारू चढलेला माणूस सरळ रेषेत चालू शकत नाही, कारण दारू या हिशेबनिसाला लवकर गाठते.

माझा धाकटा भाऊ (वय 38) दुचाकीच्या अपघातात गेला. डॉक्टरांनी ‘ब्रेन डेड’ सांगितलं तेव्हा त्याचं हृदय चालू होतं, अंग गरम होतं. आम्ही अवयवदानाला होकार दिला. पण त्याला आत नेण्याआधी मी त्याचा हात धरला होता, तेव्हा त्याची बोटं हलली. मी कुणाला सांगितलं नाही. आता रात्री झोप लागत नाही. आम्ही त्याला जिवंतपणी दिला का? सोबत कागदांची झेरॉक्स जोडली आहे. — एक मोठा भाऊ, सातारा जिल्हा

नाही दादा. तुमचा भाऊ तेव्हा गेलेला होता.

आधी हृदयाचं सांगते, कारण घोळ तिथून सुरू होतो. हृदयाला धडधडायला मेंदूचा हुकूम लागत नाही. त्याची ठिणगी त्याच्या स्वतःच्या भिंतीत असते. आम्ही शिकत असताना फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या द्रावणात ठेवायचे. बशीत, बेडकाशिवाय, ते कितीतरी वेळ चालायचं. हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवतात तेव्हाही मेंदूकडून येणाऱ्या नसा तुटलेल्याच असतात. हृदयाला हवा असतो तो प्राणवायू, आणि तो तुमच्या भावाला मशीन देत होतं. श्वासाचं मात्र उलटं आहे. श्वासाचा प्रत्येक हुकूम मस्तिष्कस्तंभातून येतो. अंगठ्याएवढा जाड, बोटाएवढा लांब देठ आहे तो. डोक्यात सूज वाढली की कवटीला फुगायला जागा नसते, मेंदू खाली ढकलला जातो आणि हा देठ चेपतो. चेपून मेलेला देठ पुन्हा जिवंत होत नाही. कोमात तो जिवंत असतो, म्हणून कोमातला माणूस परत येऊ शकतो.

आता बोटं. ती हलली, हे खरं आहे. तुम्हाला भास झाला असं मी म्हणणार नाही. मज्जारज्जूला स्वतःची थोडी अक्कल असते. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तो निरोप मेंदूपर्यंत जातही नाही. वरचा मेंदू गेल्यावर, वरून दाब ठेवणारं कुणी उरत नाही म्हणून, मज्जारज्जूच्या या झटक्यांना उलट मोकळीक मिळते. बोटं हलतात, कधी आख्खा हात छातीवर येतो. आयसीयूतल्या लोकांनी हे पाहिलेलं असतं, आणि नातेवाइकांना आधी सांगून ठेवायला हवं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही चूक झाली. पण तुमचा हात ओळखून ती बोटं हलली नव्हती. ओळखणारा भाग तोवर उरला नव्हता.

आपल्याकडे 1994 चा कायदा आहे. चार डॉक्टरांनी मिळून तपासायचं, आणि अवयव बसवणाऱ्या चमूतला कुणीही त्यात चालत नाही. डोळ्यांत टॉर्च मारतात, बुबुळाला कापसाची वात लावतात, घशात नळी घालून ठसका येतो का बघतात, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे वळतात का बघतात. शेवटी श्वासाचं मशीन सोडवतात, प्राणवायू नळीने चालूच ठेवतात, आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू देतात. देठात कणभर जरी जीव असेल तर इतक्या साचण्याला छाती उचलतेच. हे सगळं एकदा करून भागत नाही, किमान सहा तासांनी पुन्हा पहिल्यापासून करतात.

तुमची झेरॉक्स मी भिंग लावून वाचली. चार सह्या आहेत. पहिल्या तपासणीची वेळ पहाटे 4.10, दुसरीची सकाळी 11.30. तुमच्या होकाराच्या कागदावर दुपारी 1.20 लिहिलं आहे. तुम्ही हात धरलात तो त्याही नंतर. 11.30 ला मशीन सोडवलं तेव्हा चौघं त्याच्या छातीकडे बघत उभे होते. समोरच्या रकान्यात श्वासापुढे ‘नाही’ लिहिलं आहे.